सावित्रीबाई फुले आणि प्लेगची साथ
(इयत्ता ४ थी)

सावित्रीबाई फुले यांच्यावर दर वर्षी ३ जानेवारीला भाषणं होतात. त्यात शाळेची आणि शेणाच्या गोळ्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण त्यांनी आजारी माणसांची केवढी सेवा केली ते कोणी फार सांगत नाही. म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे. आमच्या गुरुजींनी मला पुस्तकं दिली आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मी काही प्रश्न विचारले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. हे गाव सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचं नाव खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, म्हंजे माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान! त्यांचे पती जोतीराव तेरा वर्षांचे होते. लग्न झालं तेव्हा सावित्रीबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. मग जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवलं.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. रस्त्यानं जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकत. त्या पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या आणि शाळेत गेल्यावर बदलायच्या. १८४९ साली त्यांना सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना राहायला जागा दिली. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख या पण सावित्रीबाईंबरोबर मुलींना शिकवायच्या. हे तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून मी पुढं जाते.

१८५६ साली सावित्रीबाई स्वतः खूप आजारी पडल्या. त्या माहेरी नायगावला गेल्या. तिथं त्यांच्या भावानं त्यांची सेवा केली. ही गोष्ट मला फार आवडली, कारण आमच्याकडे कोणी आजारी पडलं की पाणी देणं, अंग पुसणं, भांडं उचलणं हे सगळं आईनं नाहीतर काकीनंच करायचं असं असतं. पुरुष माणसं डॉक्टरला बोलावून आणतात आणि बाहेर पडवीत बसतात. सावित्रीबाईंच्या भावानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी बहिणीची सेवा केली. पुण्यातलं शाळेचं काम तेव्हा फातिमा शेख बघत होत्या. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहून हे कळवलं होतं.

त्या काळी लहानपणीच लग्न व्हायचं आणि नवरा मेला की मुलगी विधवा. तिला मूल होणार असलं तर लोक तिला जगू देत नसत. म्हणून १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं कुठल्याही बाईनं यावं आणि बाळंत व्हावं. सावित्रीबाई त्या बायकांचं आणि बाळांचं सगळं बघायच्या. तिथंच काशीबाई नावाच्या एका विधवा बाईला मुलगा झाला. फुले पती-पत्नीला स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी हाच मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. हा यशवंत पुढं डॉक्टर झाला. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुढं येणार आहे.

इथं मला एक परदेशातली गोष्ट सांगायची आहे. व्हिएन्ना शहरात एका मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर होते आणि दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात जास्त बायका ताप येऊन मरायच्या. बायका रडून सांगायच्या की आम्हाला सुईणींकडेच ठेवा. तिथं सेमेलवाईस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी बघितलं की डॉक्टर लोक आधी मेलेल्या माणसांची चिरफाड करून शिकतात आणि त्याच हातांनी येऊन बाळंतिणीला तपासतात. त्यांनी १८४७ साली नियम केला की ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. आपल्या विहिरीत ग्रामपंचायतीचे शिपाई टीसीएल टाकतात ना, तसलीच ती पावडर. तर काय झालं! एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा बायका मेल्या होत्या, आणि हात धुवायला लागल्यावर जून महिन्यात फक्त दोनच्या आसपास. पण मोठ्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाणेरडे असं हा कसा म्हणतो, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी ऐकलं नाही. सेमेलवाईस १८६५ साली वारले.

म्हंजे बघा, सावित्रीबाईंनी शाळेत शिकवायला सुरुवात केली त्याच्या एकच वर्ष आधी हे घडलं. पण ते पुण्यापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे तेव्हा राखेनं नाहीतर मातीनं हात धूत. कोणाच्या मयताला जाऊन आलं की दारातच पायावर पाणी घेत. माझी आजी अजून घेते.

आता पुढं. १८७६ आणि १८७७ साली मोठा दुष्काळ पडला. सावित्रीबाई आणि त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या माणसांनी भुकेल्या लोकांना जेवण मिळावं म्हणून अन्नछत्रं चालवली. सत्यशोधक समाज जोतीरावांनी १८७३ साली काढला होता. त्याच्याही आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता. तेव्हा लोक माणसाच्या सावलीचा पण विटाळ मानायचे.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. पण डॉक्टर येतात आणि जातात, रात्रंदिवस घरचं माणूस लागतं. सावित्रीबाईंनी त्यांची दोन वर्षांहून जास्त सेवा केली. जोतीराव एवढे जिद्दीचे की उजवा हात चालत नाही म्हणून त्यांनी डाव्या हातानं एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक.

अर्धांगवायूच्या माणसाची सेवा म्हंजे काय असतं ते मला थोडं ठाऊक आहे. आमच्या वाडीत एक आजी आहेत. त्या अंथरुणावरच असतात. त्यांचा मुलगा मुंबईला असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. सूनबाई त्यांचं सगळं करतात. सकाळी अंग पुसायचं, डायपर बदलायचा, केस विंचरायचे, पेज भरवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नर्सबाई त्यांच्या घरी आल्या होत्या तेव्हा मी पण गेले होते. नर्सबाईंनी सूनबाईंना विचारलं की हात कधी धुता. सूनबाई बोलल्या, काम झाल्यावर धुते की. नर्सबाईंनी सांगितलं की आधी पण धुवायचे आणि मधी पण. आजींना हात लावायच्या आधी एकदा. डायपर बदलल्यावर लगेच, पेज भरवायच्या आधी तर धुवायचेच. जखमेची पट्टी करायच्या आधी धुवायचे आणि नंतर पण. हातमोजे घातले तरी काढल्यावर धुवायचे, कारण मोज्याला बारीक भोक असलं तर दिसत नाही आणि काढताना घाण हाताला लागते. मोठ्या दवाखान्यात आणि वृद्धाश्रमात पण हेच नियम असतात असं त्या म्हणाल्या. तिथं तर एका माणसाचं करून दुसऱ्याकडे जाताना न विसरता धुवायला लागतात. एका म्हाताऱ्या माणसाला जुलाब झाले आणि सेवा करणाऱ्या बाईनं हात नाही धुतले, तर रात्रीपर्यंत शेजारच्या खाटेवरचं माणूस आजारी पडू शकतं. आणि म्हाताऱ्या माणसांना साधा जुलाब पण झेपत नाही.

मी विचारलं की नुसत्या पाण्यानं धुतले तर चालतील काय. तर नाय चालत. जंतू हाताच्या तेलकटपणात चिकटून बसतात. साबण तो तेलकटपणा सोडवतो आणि मग पाण्याबरोबर जंतू वाहून जातात. म्हणून हात निदान वीस सेकंद तरी चोळायचे. तळवे, मागची बाजू, बोटांच्या मधी, नखं आणि अंगठा. अंगठा सगळे विसरतात. आणि धुतलेले हात लुगड्याच्या पदराला पुसायचे नाहीत! हे ऐकून सगळ्या बायका हसल्या.

सावित्रीबाईंना हे सगळं कोणी सांगितलं असेल काय? मला ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, म्हणून मी लिहीत नाही. पण दोन वर्षं त्यांनी जोतीरावांचं केलं हे खरं आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत पुढं टिटवं कोणी धरायचं यावरून भांडण झालं. यशवंत दत्तक, म्हणून त्यानं धरू नये असं भाऊबंद म्हणायला लागले. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढं झाल्या आणि त्यांनी टिटवं धरलं. बायका तेव्हा स्मशानात सुद्धा जात नसत. पुढं १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्ष सावित्रीबाईच होत्या.

आता प्लेगचं सांगते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात माणसं अचानक मरायला लागली. सडकून ताप यायचा आणि काखेत नाहीतर जांघेत मोठी गाठ यायची. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे, म्हंजे आपल्या शेजारचेच. लोक घाबरून मुंबई सोडून पळाले. त्यांच्याबरोबर प्लेग पण गेला आणि पुण्याला पोचला.

१८९७ साली सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा २०२० साली करोनात पण लावला होता, गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. पुण्यात रँड नावाचा अधिकारी आला. गोरे सोजीर घराघरात शिरून रोगी शोधायचे, सामान बाहेर टाकायचे, बायामाणसांना पण तपासायचे. रोग्याला एकीकडे नेत आणि घरच्यांना दुसऱ्या छावणीत. त्यामुळं लोक प्लेगपेक्षा सोजिरांनाच जास्त भ्यायचे. घरात कोणाला गाठ आली तरी लपवून ठेवायचे. मग काय, रोग वाढतच गेला. माझ्या मते रोगी वेगळा ठेवणं बरोबर होतं पण त्याला असं ओढून नेणं बरोबर नव्हतं. करोनात मुंबईचे चाकरमानी गावी आले तेव्हा त्यांना आमच्याच शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं. मी तेव्हा लहान होते. आई सांगते, गावातली माणसं जेवणाचा डबा गेटवर ठेवायची आणि लांबून हाका मारून गप्पा मारायची. असं केलं की माणूस भीत नाही.

यशवंत तेव्हा सैन्यात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ते रजा काढून आले. मायलेकांनी पुण्याच्या बाहेर हडपसरला ससाणे यांच्या माळावर दवाखाना काढला. मला वाटतं ही जागा फार विचार करून निवडली. गावाबाहेर, उघड्या माळावर, जिथं साथ पोचलेली नाही. पुण्यातल्या अंधाऱ्या दाटीच्या घरात उंदीर आणि रोगी एकाच खोलीत असायचे. माळावर वारा आणि ऊन. माझा मामा हडपसरला कामाला आहे. तो म्हणतो, आता तिथं माळ वगैरे काही राहिलेला नाही, सगळ्या उंच उंच इमारती झाल्या.

यशवंत रोग्यांना तपासायचे, औषध द्यायचे. सावित्रीबाई रोगी शोधून आणायच्या. त्या तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. लोक सावित्रीबाईंना घरात घ्यायचे, कारण त्या त्यांच्या ओळखीच्या होत्या आणि माणसाला प्रेमानं न्यायच्या.

एक दिवस त्यांना कळलं की मुंढवा गावात अस्पृश्य मानलेल्या वस्तीत एका मुलाला प्लेग झाला आहे. त्याचं नाव पांडुरंग. त्याच्या वडिलांचं नाव बाबाजी गायकवाड. सावित्रीबाई तिथं गेल्या. मुलाला चालता येत नव्हतं. गाडी नाही, डोली नाही. दुसऱ्या कोणी त्याला हात सुद्धा लावला नसता, एक तर जातीमुळं आणि दुसरं प्लेगमुळं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि मुंढव्यापासून हडपसरच्या दवाखान्यापर्यंत चालत आणलं. माझ्या मैत्रिणीला पाठीवर घेऊन मी शाळेच्या मैदानाला एक फेरी मारून बघितली. अर्ध्या फेरीतच दम लागला.

आता मी नर्सबाईंना विचारलं की सावित्रीबाईंनी हात धुतले असते तर त्या वाचल्या असत्या काय. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सांगितलं की नुसतं हात धुवून प्लेग टळत नाही. प्लेगचे जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांत असतात. उंदीर मेला की पिसवा माणसाच्या अंगावर येतात आणि चावतात. त्या कपड्यांत आणि अंथरुणात पण लपून राहतात. गाठ फुटून पू आला आणि तो आपल्या हाताच्या कापलेल्या जागेला लागला तरी रोग होऊ शकतो, तिथं हात धुण्याचा आणि मोज्यांचा उपयोग होतो. आणि कधी कधी प्लेग छातीत उतरतो, तेव्हा खोकल्यातून दुसऱ्याला होतो. तिथं मास्क लागतो. आज असा रोगी आला तर नर्स अंगभर गाऊन, मोजे आणि मास्क घालून जवळ जाते. आणि आज प्लेगवर औषध पण आहे, वेळेवर मिळालं तर माणूस बरा होतो. १८९७ साली यातलं काहीच नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, आपल्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो, तो पण उंदरांमुळेच. उंदराच्या लघवीचं पाणी पायाच्या जखमेला लागतं. म्हणून पायाला जखम असली तर ती झाकून मगच चिखलात उतरायचं आणि घरी आल्यावर हातपाय साबणानं धुवायचे.

मला यात एक गोष्ट लक्षात आली ती सांगते. तेव्हाची माणसं पण खूप धुवायची. कोणाचा स्पर्श झाला की आंघोळ करायची. पण ते धुणं जातीसाठी होतं. रोगी माणूस आपल्या जातीचा असला तर त्याला हात लावून तसेच जेवत असतील. जंतूला जात कळत नाही. सावित्रीबाईंनी ज्याला कोणी शिवत नव्हतं त्यालाच पाठीवर घेतलं. आजच्या नर्सबाई पण सगळ्यांना हात लावतात आणि मग सगळ्यांसाठी सारखेच हात धुतात.

रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्या वारल्या. त्यांचा मुलगा स्वतः डॉक्टर होता, पण त्याच्याजवळ औषधच नव्हतं. त्याला काय वाटलं असेल याचा मी विचार करते.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार केली होती आणि १० जानेवारीला स्वतःलाच टोचून घेतली होती. म्हंजे सावित्रीबाई वारल्या त्याच्या बरोबर दोन महिने आधी. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळं पसरतो हे मात्र सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीला शोधून काढलं. म्हंजे एका वर्षानं उशीर झाला. सावित्रीबाई ज्या रोगाशी लढत होत्या तो कुठून येतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं, तरी त्या गेल्या.

पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव दिलं. नायगावला त्यांचं घर जपून ठेवलं आहे. आमची सहल तिकडे न्यावी असं आम्ही गुरुजींना सांगितलं आहे, ते म्हणाले एसटीचं बघतो.

आपल्या शाळेत १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन असतो. त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिन पण असतो, म्हणून आम्ही आधी हात धुतले आणि मग पुस्तकं वाचली. या लेखाच्या उजव्या बाजूला हात धुण्याची सहा चित्रं चिकटवली आहेत. ती आमच्या वर्गातल्या मुलांनी रंगवली. अंगठ्याचं चित्र सगळ्यात मोठं झालं आहे, ते मुद्दाम काढलं आहे. पालकांनी जाताना बघून जावं. नळाजवळच्या जाळीत साबण ठेवलेला आहे.